कॉइलच्या पोटातलं पाणी

सुवा लिपा गावच्या सांस्कृतिक भवनाचा व्यवस्थापक ग्रादिमिर हा मुळात भूगोलाचा मास्तर. या जागेसाठी नगरपालिकेतल्या दोन्ही पक्षांनी आपापली माणसं पुढे केली होती. सगळा हिवाळा भांडण्यात घालवल्यावर, ज्याच्याबद्दल कुणालाच काही वाटत नाही असा माणूस म्हणून त्याच्यावर एकमत झालं. ग्रादिमिरलाही कुणाच्या अध्यात-मध्यात पडायची हौस नव्हती. नाटकवाले आले की दार उघडायचं, गेले की लावायचं, मधल्या वेळात नकाशे बघत बसायचं. असं सुखात चाललेलं. त्या सुखात माती कालवली ती थंड हवेच्या यंत्रानं.

यंत्र परदेशातून देणगीत आलं होतं. मागच्या अंगणात पाणी गार करणारी एक पेटी बसवली. तिथून ते पाणी नळांतून वर माळ्यावर जायचं, तांब्याच्या नळ्यांच्या जाळीतून फिरायचं, आणि पंखा त्या जाळीतून हवा ओढून खाली सभागृहात सोडायचा. त्या जाळीला कॉइल म्हणतात हे गावाला उद्घाटनाच्या भाषणात कळलं. त्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या शाली पांघरून नाटकाला यायला लागल्या आणि पहिल्या अंकातच झोपायला लागल्या. सगळे खूश होते.

डिसेंबर उजाडला आणि नगराध्यक्षानं ग्रादिमिरला बोलावून घेतलं.

"नदीपलीकडच्या गावाचं काय झालं ठाऊक आहे ना?"

ठाऊक नसायला काय झालं? तिथंही असलंच यंत्र होतं. थंडीत कॉइलमधलं पाणी गोठलं, फुगलं, नळ्या उभ्या चिरल्या, आणि कुणाला पत्ताच लागला नाही. मे महिन्यात काव्यवाचनाच्या वेळी यंत्र सुरू केलं, तर सभागृहात छतातून पाऊस पडला, तोही नेमका पहिल्या रांगेत बसलेल्या बिशपच्या डोक्यावर. तिथला व्यवस्थापक आता बस-स्टँडवर संडासाबाहेर बसतो.

"तेव्हा लक्षात ठेव," नगराध्यक्ष म्हणाला, "कॉइल फुटली तर तूही फुटलास."

कॉइल रिकामी करायला निश शहराहून इंजिनियर व्लास्तिमिर यायचा होता. निघायच्या दिवशीच खिंडीत बर्फाचा कडा कोसळला आणि रस्ता बंद झाला. रेडिओवर सांगत होते, परवापासून पारा शून्याखाली अठरा, आणि आठवड्याअखेर त्याहून खाली. इंजिनियर फोनवर आला.

"खालचा नळ उघडलास का, मास्तर?"

"उघडला. सगळं पाणी गेलं."

"गेलं असं तुला वाटतं. त्या नळ्या आडव्या आहेत. पोटात पाणी राहतंच. जेवलेल्या माणसाला उलटं टांगलं म्हणून सगळं बाहेर येतं का?"

"मी कधी टांगून बघितलं नाही."

"नाही येत. हवा मारावी लागते. एका तोंडातून जोरात हवा, दुसऱ्या तोंडातून पाणी. नुसते तुषारसुद्धा यायचे थांबले की समजायचं, झालं. आणि बाहेरची हवा आत घेणारी ती झडप आहे ना, ती घट्ट लाव."

झडप अर्धी उघडी राहून गंजली होती. ग्रादिमिरनं तिच्यात नाटकाचा जुना मखमली पडदा कोंबला. हवेचा प्रश्न मात्र पडद्यानं सुटण्यातला नव्हता. गावात हवेचा कॉम्प्रेसर एकच, टायरवाल्या ल्युबिसावचा. तो गेल्याच आठवड्यात जळला होता. नगराध्यक्षाला नव्या वर्षासाठी चौकात तीन मजली हिमआजोबा, पोरांना भेटी वाटणारा तो दाढीवाला, फुगवून हवा होता. आजोबा कमरेपर्यंत फुगले, कॉम्प्रेसरमधून धूर निघाला, आणि तेव्हापासून आजोबा चौकात पालथे पडून होते. कुत्री त्यांच्या दाढीवर झोपायची.

ग्रादिमिरनं घरचा झाडू मारायचा व्हॅक्यूम उलटा लावून बघितला. व्हॅक्यूमनं एक उचकी दिली आणि मान टाकली. मग अग्निशमन दलाचे दोघे जण सायकलचा पंप घेऊन आले. सकाळभर आळीपाळीनं पंप मारून चमचाभर पाणी निघालं. ते त्यांनी कपात धरून ग्रादिमिरला दाखवलं.

घरी आल्यावर त्यानं व्हॅक्यूमची बातमी बायकोच्या कानावर घातली. स्पासेनिया कोबीच्या पानांत खिमा गुंडाळत होती. तिनं हातातलं पान खाली ठेवलं.

"माझा व्हॅक्यूम?"

"गावाच्या कामी आला."

"गावाला हवाच हवी होती तर व्हॅक्यूम कशाला? तुझ्या साडूकडे जायचं. गावातली निम्मी हवा त्याच्याच छातीत आहे."

साडूचं नाव त्या घरात ऑगस्टपासून निघालं नव्हतं.

साडू म्हणजे त्रायको. स्पासेनियाच्या धाकट्या बहिणीचा नवरा, आणि सुवा लिपाच्या ट्रम्पेट बँडचा म्होरक्या. लग्न असो, मयत असो, पोरगं सैन्यात जावो की म्हैस विको, त्रायकोचा बँड वाजल्याशिवाय गावात काही घडलं असं कुणी मानत नसे. ऑगस्टात संत इलियाच्या दिवशी भवनात बँडची जिल्हा निवड-स्पर्धा होती. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून ग्रादिमिरनं यंत्र पूर्ण जोरात लावलं. पितळेला थंडी बाधली, सूर उतरले, आणि प्रत्येक वाद्याचा वेगवेगळा उतरला. परीक्षकांनी कानांत बोटं घातली. त्रायको स्टेजवरून ओरडला, "ते फ्रीज बंद करा!" त्यावर ग्रादिमिर भर सभेत म्हणाला, "फ्रीजला नावं ठेवू नका, बँडवाल्यांनी सकाळपासून किती ढोसलीय ते विचारा." झालं. त्या यंत्राच्या अंगात धुगधुगी आहे तोवर भवनाची पायरी चढणार नाही, अशी त्रायकोनं शपथ घेतली. दोघी बहिणी तेव्हापासून बाजारात भाजीच्या ढिगाआड एकमेकींना भेटत होत्या.

"मी नाही जाणार," ग्रादिमिर म्हणाला.

"नको जाऊस. बस-स्टँडवर छत्री घेऊन बसत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

त्रायको अंगणात मोठ्या कढईत डुकराची चरबी कढवत होता. साडूला फाटकात बघून त्यानं झारा थांबवला नाही.

"कोण मेलं?" त्यानं विचारलं.

"अजून कुणी नाही. कॉइल मरायला टेकलीय."

"देव तिला सद्गती देवो."

"त्रायको, पाणी आत अडकलंय. फुंकून काढायला पाहिजे. गावात फुंकणारे तुम्हीच."

त्रायको हसला, तसा कढईच्या वाफेचा लोळ बाजूला झाला. "म्हणजे ज्या फ्रीजनं माझा बँड बुडवला, त्याच्या नाकात मी फुंकर घालू? साडू, तू भूगोल शिकवायचास ना? मग सांग, शरम कुठल्या खंडात असते?"

ग्रादिमिर उभाच राहिला. पाय गार पडले, तरी हलला नाही. शेवटी त्रायकोच्या बायकोनं, देसांकानं, खिडकी उघडून नवऱ्याकडे नुसतं बघितलं आणि खिडकी लावली. त्रायकोनं झारा टांगला.

"बरं. माझी माणसं कधीच विसरली. माणसाचं काय, दोन दिवस शिव्या देतो, तिसऱ्या दिवशी पितो. पण वाद्यं नाही विसरली. त्यांची माफी मागायची."

"कुणाची?"

"वाद्यांची. एकेकाची. तू त्यांना दारुडी म्हणालास."

"मी माणसांना म्हणालो होतो!"

"ऐकलं तर त्यांनीही."

असं म्हणून त्यानं ग्रादिमिरला गोठ्याशेजारच्या खोलीत नेलं. तिथं गोधडीवर सगळी ट्रम्पेटं ओळीनं मांडलेली होती आणि कोपऱ्यात हेलिकॉन हे खर्जाचं मोठं पितळी वाद्य उभं होतं, अजगरानं वेटोळं घालून आ वासावा तसं. बँडवाले भिंतीला टेकून उभे राहिले. एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. ग्रादिमिरनं टोपी काढली. पहिल्या ट्रम्पेटपुढे वाकून तो पुटपुटला, "चुकलं माझं."

"जोरात," त्रायको म्हणाला. "त्याला सर्दी झाली होती तेव्हापासून कमी ऐकू येतं."

ग्रादिमिर जोरात म्हणाला. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. चौथ्यापर्यंत त्याला लाज वाटत होती. त्यानंतर काय झालं कुणास ठाऊक, त्याला खरंच वाईट वाटायला लागलं. स्पर्धेच्या दिवशी ही पोरं कडक इस्त्रीचे शर्ट घालून आली होती, हे त्याला आठवलं. हेलिकॉनपुढे पोचल्यावर त्यानं आपणहून त्याच्या थंडगार पितळेवर हात ठेवला. शेवटी ढोल राहिला.

"ढोलाला थंडी बाधली नव्हती," ग्रादिमिर म्हणाला.

"नव्हती," ढोलवाला म्हणाला. "पण भावाबहिणींचा अपमान त्यालाही लागलाच ना?"

ग्रादिमिरनं ढोलाचीही माफी मागितली.

त्याच दुपारी सगळा बँड भवनाच्या माळ्यावर चढला. यंत्र बंद आहे म्हणजे धुगधुगी नाही, असं त्रायकोनं आपल्या शपथेला समजावलं. हेलिकॉन जिन्यात अडकलं. मग वाजवणाऱ्याला आत कोंबून दोघांना एकत्रच ढकललं, तेव्हा दोघं सुटले. दारूच्या भट्टीची रबरी नळी कॉइलच्या वरच्या तोंडाला बांधली, खालच्या तोंडाखाली बादली ठेवली. आधी नुसत्या तोंडानं फुंकायचं ठरलं होतं, पण बँडवाल्यांना ते जमेना. ओठांत धातू असल्याशिवाय आमची छाती उघडत नाही, म्हणाले. तेव्हा नळीचं दुसरं टोक ट्रम्पेटच्या कर्ण्यात बसवून, फटी चिंध्यांनी बुजवून, ते वाजवायला लागले. एक दमला की दुसरा, दुसरा दमला की तिसरा.

कॉइलनं आधी गुळण्या केल्या. मग खालून भस्सकन पाणी आलं, बादली भरली, दुसरी भरली. पुढे पाणी कमी होत गेलं आणि कॉइल गायला लागली. एखादा बैल स्वप्नात हंबरावा तसा खोल, लांबलचक सूर. त्रायकोनं हात वर केला. सगळे थांबले.

"उतरलेला आहे," तो म्हणाला.

"काय?"

"सूर. पाव भाग उतरलेला आहे. उजव्या हाताला अजून पाणी आहे."

"तुला कसं कळलं?"

"पोट भरलेला माणूस कधी सुरात गातो का?"

त्यांनी उजवीकडून हेलिकॉन लावलं. खिडकीच्या काचा थरथरल्या, पडद्यावरची धूळ उडाली, आणि खरोखरच उजवीकडून आणखी अर्धी बादली निघाली.

खाली रस्त्यावर निराळाच घोळ चालला होता. भवनातून बँडचा आवाज येतोय म्हणजे काहीतरी आहे, एवढं गावाला कळलं. काय आहे, ते कुणाला माहीत नव्हतं. सूर इतका खोल होता, की निम्मे लोक मयत समजून मेणबत्त्या घेऊन आले. बाकीचे लग्न समजून कोंबड्या आणि केक घेऊन आले. पाद्री नेक्तारिये दोन्ही पोथ्या काखेत मारून आला, वेळेला जी लागेल ती. ग्रादिमिर माळ्याच्या खिडकीतून डोकावला.

"कोण गेलं?" खालून एकानं विचारलं.

"पाणी!"

"नवरी कोण?" दुसऱ्या बाजूनं प्रश्न आला.

ग्रादिमिरनं खिडकी लावून घेतली. लोक मात्र गेले नाहीत. आणलेलं परत कसं न्यायचं? त्यांनी पायऱ्यांवरच मांडामांड केली. मेणबत्त्या बर्फात खोचल्या आणि केक कापला.

संध्याकाळी ग्रादिमिरनं आनंदानं इंजिनियरला फोन लावला.

"तुषारसुद्धा थांबले!"

"शाबास. आता नळ्यांच्या वळणांत थेंब थेंब राहिलं असेल, ते मारायचं. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तसलं न गोठणारं पाणी चार-पाच पिंपं आत भर."

"खिंड बंद आहे. आणि इथं या थंडीत स्वतःच्या गाडीतलं कोण काढून देणार?"

इंजिनियरनं सुस्कारा टाकला. "मग काहीही घाल, पण न गोठणारं. एक भांडं रात्रभर बाहेर ठेव. सकाळी पातळ असेल तर चालेल, घट्ट झालं तर नाही. एवढं तरी आहे का गावात?"

सुवा लिपामध्ये न गोठणारं एकच होतं, आणि ते प्रत्येक तळघरात होतं. राकिया. स्वतःच्या बागेतले आलूबुखार, स्वतःची भट्टी, स्वतःची दारू. गावात माणसाची किंमत त्याच्या राकियावरून व्हायची. शेतीवरून किंवा पोरांवरून ती कुणी केली नाही. 'याच्या राकियानं खिळा विरघळतो' असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याच्या मुलीला स्थळं सांगून येतात. त्रायकोच्या राकियानं तर म्हणे घोड्याची नालही विरघळायची. भवनासाठी राकिया लागणार म्हटल्यावर सगळे छाती पुढे काढून तयार झाले. माझीच घ्या, नाही माझीच घ्या. पाद्रीनं तोडगा काढला.

"प्रत्येकानं एकेक कप भवनाच्या खिडकीत बाहेरच्या अंगाला ठेवायचा, खाली नावाची चिठ्ठी. सकाळी थंडीच निवाडा करील. ती कुणाची नातेवाईक नाही."

उत्तरेकडच्या लांब खिडकीत कपांची रांग लागली. त्या रात्री पारा खरंच शून्याखाली अठरावर गेला. झाडांच्या फांद्या कडाकड मोडल्या.

ग्रादिमिर सकाळी सगळ्यांच्या आधी पोचला. काळजीनं झोप लागली नव्हती. त्यानं पहिला कप हलवला. राकिया डचमळली. दुसराही पातळ. तिसऱ्यातली मात्र हलली नाही. त्यानं कप उलटा केला, तरी पडली नाही. चिठ्ठीवर नगराध्यक्षाचं नाव होतं. त्यापुढचा घट्ट. त्यापुढचाही. निम्मी रांग थिजली होती. खिळे विरघळवणारे, नाल विरघळवणारे, सगळे खरवसासारखे वड्या पडून बसले होते. आणि शेवटून दुसऱ्या कपात, गारगोटीसारखी पांढरीशुभ्र, त्रायकोची राकिया.

मागे बर्फ करकरलं. त्रायको उभा होता. त्यालाही झोप लागली नसावी.

दोघं कपावर वाकले.

"थिजलेली नाही ती," त्रायको म्हणाला. "विचार करतेय."

त्रायकोच्या मिशांवर श्वासाची वाफ गोठली होती. वर्षाकाठी पाहुण्यांचा राबता, बँडच्या पोरांना रोज संध्याकाळी ओतायची, बागेत झाडं मोजकी. पाणी घातल्याशिवाय एवढ्यांना पुरणार कशी, हे ग्रादिमिरला त्या क्षणी लख्ख कळलं. आणि पाद्री येऊन हा कप गावापुढे उलटा धरील, तेव्हा हा माणूस ट्रम्पेट पुन्हा ओठाला लावणार नाही, हेही कळलं. त्यानं कप उचलला, तळहातावर आपटला, आणि बर्फाची वडी तोंडात टाकून कडाकड चावली.

"काय करतोस, साडू?"

"चव बघतोय," ग्रादिमिर भरल्या तोंडानं म्हणाला. "कडक आहे. भलतीच कडक."

त्रायकोनं तोंड फिरवलं आणि मिशा पुसल्या.

इथंवर ठीक होतं. पण तेवढ्यात कोपऱ्यावरून नगराध्यक्ष आला, कॉलर वर करून, चोरासारखा. आपल्या तळघरात काय आहे ते प्रत्येकाला ठाऊक असतंच. त्यानं खिडकी बघितली, ग्रादिमिरचं चाललेलं तोंड बघितलं, आणि केविलवाणा चेहरा करून म्हणाला, "मास्तर, माझ्या कपाचंही जरा... चव बघाल का?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ग्रादिमिरला अहो-जाहो केलं होतं. ग्रादिमिरनं नगराध्यक्षाची चावली. मग टायरवाला ल्युबिसाव आला. मग एकामागून एक, सगळे अंधूक उजेडात भिंतीला धरून. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. रांगेत उभं राहावं तसे उभे राहिले आणि ग्रादिमिर चावत गेला. जीभ बधिर झाली, दात ठणकायला लागले. कानांत त्रायकोचा बँड वाजतोय असं वाटायला लागलं. मधेच तो म्हणाला, "पृथ्वी गोल आहे, हे मी तुम्हाला कितीदा सांगितलं होतं," आणि भिंतीला टेकला. त्रायकोनं त्याला काखेत धरलं आणि पुढचा कप स्वतः त्याच्या तोंडाशी नेला.

पाद्री लोकांना घेऊन आला तेव्हा निम्मे कप पातळ राकियानं भरलेले होते आणि निम्मे रिकामे.

"हे रिकामे कसे?" पाद्रीनं विचारलं.

ग्रादिमिरचे ओठ निळे पडले होते. "पाद्रीबाबा," तो एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाला, "ती इतकी कडक होती... की उडून गेली."

पाद्रीनं एक कप उचलून हुंगला. मग त्यानं जमलेल्या चेहऱ्यांवरून सावकाश नजर फिरवली. सगळे जण बर्फाकडे बघत होते.

"होतं असं," तो म्हणाला. "कोरड्या थंडीत होतं. म्हणजे सगळेच पास. सगळ्यांनी संध्याकाळपर्यंत आपापला वाटा आणा."

आता आली का पंचाईत? अब्रू वाचली, पण ज्यांची थिजली होती त्यांचीही राकिया कॉइलमध्ये जाणार! स्पासेनिया नवऱ्याला घरी झोपवायला आली होती. तिच्या हे सगळ्यांत आधी लक्षात आलं. त्रायकोच्या जवळून जाताना ती कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "भावजी, भट्टी धुवून ठेवलीय की अजून तशीच आहे?"

"तशीच आहे," त्रायको म्हणाला. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि झपाझप घराकडे चालायला लागला.

दुपारपर्यंत सुवा लिपाच्या निम्म्या धुराड्यांशेजारी निळसर धूर चढायला लागला. कडाक्याच्या थंडीत, आलूबुखार संपून दोन महिने झाल्यावर, भट्ट्या पेटल्या होत्या. राकिया पुन्हा एकदा भट्टीतून काढली की पाणी मागे राहतं आणि जाळ पुढे येतो. ज्यांच्या भट्ट्या पेटल्या नव्हत्या, त्यांनी धुराकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं.

"सॉसेज धुरावताहेत वाटतं," एक जण म्हणाला.

"हो. सॉसेजच," दुसरा म्हणाला.

दिवेलागणीला डबे, किटल्या, बाटल्या, काचेचे बुधले घेऊन लोक माळ्यावर आले. काही डबे अजून कोमट होते. वरच्या तोंडातून राकिया ओतायची आणि खालून बाहेर येईल ती चाखायची, असं ठरलं. जितकी कडक आत गेली तितकीच कडक बाहेर आली, की वळणांत पाणी उरलं नाही असं समजायचं. चाखायला पाद्री बसला, कारण त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता आणि बाकी कुणाचा कुणावर नव्हता. पहिल्या पेल्याला तो म्हणाला, "पाणी." दुसऱ्याला म्हणाला, "पाण्यात आलूबुखार." त्यानंतर त्रायकोनं आपला कोमट डबा रिता केला. खालून धार आली. पाद्रीनं घोट घेतला, डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं आणि दाढीत जिरलं.

"कुणाची ही?"

"माझी," त्रायको हळूच म्हणाला.

"नाल नाही, त्रायको. यात घोडासुद्धा विरघळेल."

सगळे हसले. मोठमोठ्यानं हसले, आणि बऱ्याच जणांच्या हसण्यात सुटल्याचा आवाज होता. नळ घट्ट बंद केले. खालच्या मजल्यावर सोफ्यावर झोपलेला ग्रादिमिर त्या आवाजानं जागा झाला आणि त्याला वाटलं, नाटक संपलं, आता दार लावायला पाहिजे.

आठवड्याअखेर पारा शून्याखाली बावीसवर गेला. विहिरीचे हातपंप फुटले, शाळेतले नळ फुटले, ल्युबिसावच्या दुकानातली बिअरची बाटली फुटली. कॉइलला काही झालं नाही. नगराध्यक्षानं ग्रादिमिरचा सत्कार करायचं काढलं होतं, पण सत्कारात कारण सांगावं लागेल हे लक्षात आल्यावर त्यानं बेत रद्द केला. ग्रादिमिरची एक दाढ त्या बर्फानं तडकली होती. ती काढायला त्रायको त्याला स्वतःच्या गाडीतून घेऊन गेला आणि दंतवैद्याच्या दारात उभा राहून आतल्या किंकाळीला साथ म्हणून एक संथ धून वाजवत राहिला.

एप्रिलात खिंड मोकळी झाली आणि इंजिनियर व्लास्तिमिर आला. त्यानं माळ्यावर कॉइल तपासली, दाब देऊन बघितली, एकाही सांध्यातून थेंब गळला नाही. मग त्यानं हवेत हुंगलं, पण काही विचारलं नाही. आतलं काढायला हवं होतं. बाहेर आलं ते हिरवट होतं. तांबं उतरलं होतं, शिवाय यंत्राचं तेल.

"हे कुणीही पिणार नाही," इंजिनियरनं दरडावलं. "आंधळे व्हाल. भवनामागच्या खड्ड्यात ओता."

बातमी कशी पसरली कोण जाणे. पिंपं खाली आणली तेव्हा अख्खं गाव खड्ड्याभोवती जमलं होतं. पहिलं पिंप तिरपं झालं, हिरवी धार मातीत शिरली, आणि तो वास सगळ्या अंगणात पसरला. बँडवाले वाद्यं काखेत धरून उभे होते. नगराध्यक्षानं हॅट काढली. मग ल्युबिसावनं काढली, मग सगळ्यांनीच.

इंजिनियर हळूच ग्रादिमिरकडे झुकला.

"यांनी टोप्या का काढल्या, मास्तर?"

ग्रादिमिरनंही टोपी काढून हातात घेतली होती.

"ऊन पडलंय ना," तो म्हणाला.